निरपेक्ष शोकाचा अंत : 'सुपरनॅचरल' या मालिकेच्या ऱ्हासाविषयी

एखाद्या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेचा दर्जा घसरला असे म्हणणे सोपे असते. तो दर्जा मुळात कशात होता आणि नेमका कशाने गेला, हे सांगणे अवघड. पहिल्या विधानात प्रेक्षकाचा कंटाळा व्यक्त होतो. समीक्षेला सुरुवात होते ती दुसऱ्या प्रश्नापासून. या प्रश्नाकडे पाठ फिरविणारे दोन पक्ष आज दिसतात. दूरचित्रवाणीवरील भुताखेतांच्या गोष्टींना दर्जा नसतोच, तेव्हा ऱ्हास कशाचा, असे पहिला पक्ष विचारतो. दुसरा पक्ष अद्ययावत परिभाषेत बोलतो. त्याच्या मते 'दर्जा' ही संकल्पनाच अभिजनांच्या सत्तेचे साधन आहे, संहिता प्रेक्षक घडवितो, आणि म्हणून चौथ्या पर्वाला श्रेष्ठ व बाराव्याला कनिष्ठ म्हणणे हा निव्वळ अभिरुचीचा दुराग्रह होय. वरकरणी हे पक्ष परस्परविरोधी असले तरी दोघांचेही काम एकच, मूल्यमापनाचे कष्ट वाचविणे. त्यांतील दुसरा अधिक घातक म्हणावा लागतो, कारण तो लोकप्रिय संहितेची बाजू घेत असल्याचा आव आणतो आणि तिच्या निर्मात्यांनी एकेकाळी जे साधले होते त्याचेच श्रेय नाकारतो.

'सुपरनॅचरल' ही अमेरिकी मालिका 13 सप्टेंबर 2005 रोजी सुरू झाली आणि 19 नोव्हेंबर 2020 रोजी संपली. पंधरा पर्वे, 327 भाग. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ 1967 सालच्या शेव्हरोले इम्पाला गाडीतून अमेरिकेच्या आडवाटा तुडवीत भुते, पिशाचे आणि पुढे सैतान व देवदूत यांच्याशी झुंजतात, एवढेच तिचे कथासूत्र. निर्माता एरिक क्रिपकी याच्या मनात पाच पर्वांचा आराखडा होता. पाचवे पर्व मे 2010 मध्ये संपले आणि क्रिपकी सूत्रधारपदावरून दूर झाला. नंतरची दहा पर्वे अनुक्रमे सेरा गँबल, जेरेमी कार्व्हर आणि शेवटी रॉबर्ट सिंगर व अँड्र्यू डॅब यांच्या हाताखाली झाली. म्हणजे कथेचे आयुष्य पाच वर्षांचे आणि तिच्या उत्तरक्रियेचे दहा.

सूत्रधार बदलले म्हणून मालिका बिघडली, हे स्पष्टीकरण मात्र पुरेसे नाही. माणसे बदलूनही टिकणाऱ्या कथा असतात. शोधायचे आहे ते या कथेच्या अंतर्गत नियमाचे काय झाले हे.

अद्भुताला नियम लागतो. वास्तववादी कादंबरीला तो बाहेरून, जगाच्या ओळखीतून आयता मिळतो. अद्भुतकथेला तो स्वतः घालून घ्यावा लागतो. 'सुपरनॅचरल'ने तो पहिल्याच भागात घालून घेतला. कॅलिफोर्नियातील एका रस्त्यावर रात्री गाड्या थांबविणारी पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री अविश्वासू पुरुषांचा बळी घेते. जिवंतपणी तिने स्वतःची मुले बुडवून मारलेली असतात आणि म्हणून तिला आपल्या घरी परतता येत नाही. सॅम गाडी थेट त्या पडक्या घरात घुसवतो. मुले तिची वाट पाहत असतात, आणि ती संपते. आपल्याकडे 'वासना अडकणे' म्हणतात तोच हा व्यवहार. भूत म्हणजे एक थकलेले देणे. ते कोणाचे, कोणाला आणि कोठे, हे शोधून काढले की भूत सुटते. पहिल्या दोन पर्वांतील चांगले भाग या हिशेबावर उभे आहेत. त्यांतील भय गावाच्या इतिहासातून येते, कोण्या घराण्याच्या पापातून येते. प्रेताची हाडे उकरून, मीठ टाकून जाळणे हा विधीदेखील त्या हिशेबाचाच भाग. भूत-शिकाऱ्यांचे स्वतःचे अंत्यसंस्कारही चितेवर होतात, कारण मेलेल्याने परत येऊ नये ही त्या व्यवसायाची पहिली काळजी. ख्रिस्ती दफनपरंपरेच्या देशात घडणाऱ्या कथेने चिता निवडावी, यातच परतीची वाट बंद करण्याची तिची निकड दिसते.

या नियमाची कसोटी दुसऱ्या पर्वाच्या आरंभी, सप्टेंबर 2006 मध्ये लागली. अपघातानंतर डीन मरणाच्या दारी आहे. बाप जॉन विंचेस्टर आपला आत्मा आणि हाती आलेले दुर्मीळ शस्त्र सैतानी शक्तीला देऊन मुलाला परत आणतो आणि स्वतः मरतो. डीन उठतो तो ऋणको म्हणून. पुढे एका भागात मेलेल्या मैत्रिणीला उठवणाऱ्या तरुणाची कथा येते, तेव्हा मेलेल्याने मेलेलेच राहावे असे डीन बजावतो. आणि बजावताना त्याला उमगते की या न्यायाने आपण स्वतःच येथे असता कामा नये. याच पर्वाच्या अखेरीस सॅम मरतो. डीन आपला आत्मा विकून त्याला उठवतो, त्या बदल्यात त्याला मिळते फक्त एक वर्ष. तिसरे पर्व हे त्या वर्षाची उलटी गणती आहे, आणि वर्ष संपल्यावर डीन खरोखरच नरकात जातो. पुनरुत्थान येथेही आहे, पण प्रत्येक पुनरुत्थानाची पावती कोणा ना कोणाच्या नावे फाडलेली आहे.

या जागी भरताचा एक भेद उपयोगी पडतो. 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांच्यातील सीमारेषा आखताना त्याने अश्रूंचे प्रमाण विचारात घेतले नाही, आशेचे घेतले. जेथे पुन्हा भेटीची अपेक्षा उरलेली नाही तो करुण, निरपेक्ष. जेथे ती आहे तो विप्रलंभ, सापेक्ष. पुढे विश्वनाथाला 'करुणविप्रलंभ' असा तिसरा प्रकार मानावा लागला, कारण बाणाच्या 'कादंबरी'ने पेच टाकला होता: पुंडरीक मेला आहे, परंतु तो पुन्हा मिळेल असे आश्वासन महाश्वेतेला मिळाले आहे. येथे लक्षात घ्यावयास हवे ते हे की, आश्वासनानंतरही महाश्वेतेला तपश्चर्या करावी लागते. अच्छोद सरोवराकाठची ती प्रतीक्षा हेच त्या रसाचे द्रव्य आहे. पुनर्भेट शक्य असली तरी ती फुकट नाही. 'सुपरनॅचरल'ची पहिली पाच पर्वे करुण आणि करुणविप्रलंभ यांच्या सीमेवर हिंडतात. पुढची दहा कोठेच हिंडत नाहीत, कारण तेथे अपेक्षा आणि निराशा या दोन्ही भावना निकामी झालेल्या आहेत. परत येणार हे ठाऊकच असेल तर अपेक्षा कशाची?

बचाव करणारे येथे म्हणतील की पुनरावृत्ती हा मालिका या प्रकाराचा स्वभावच आहे आणि मृत्यूची पुनरावृत्तीही कलात्मक असू शकते. असू शकते, याचा पुरावा ही मालिकाच देते. फेब्रुवारी 2008 मधील 'मिस्टरी स्पॉट' या भागात एकच मंगळवार पुनःपुन्हा उगवतो आणि दर मंगळवारी डीन नव्या तऱ्हेने मरतो; शंभराहून अधिक वेळा. प्रेक्षक हसतो. मग बुधवार उगवतो, डीन एका क्षुल्लक लुटारूच्या गोळीने मरतो आणि पुन्हा मंगळवार होत नाही. कित्येक महिने सॅम एकटा, यंत्रवत, निर्दय होत जगतो. अखेर डीन परत मिळतो, पण भाऊ गेल्यावर आपले काय होणार आहे हे सॅमने पाहून ठेवलेले असते, आणि नरकाची मुदत तर जवळ येतच असते. शंभर मरणांचे हसू एका मरणाने गोठवणारा हा भाग लिहिला जेरेमी कार्व्हरने. याच कार्व्हरच्या सूत्रधारपदाखाली पुढे मरण शिंकेसारखे झाले. दोष व्यक्तीच्या प्रतिभेत नव्हता, एवढे यावरून सिद्ध व्हावे.

ऱ्हासाचे बीज मात्र सुवर्णकाळातच पडले होते, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पाचव्या पर्वाचा अखेरचा भाग, 'स्वान साँग', हा या मालिकेचा कळस मानला जातो आणि ते योग्यच आहे. सॅमच्या देहात शिरलेला ल्युसिफर डीनला ठेचून काढत असताना गाडीच्या रक्षापात्रात बालपणी खुपसलेला खेळण्यातला सैनिक सॅमच्या नजरेस पडतो, एवढ्याशा आधारावर तो स्वतःचा देह परत मिळवतो आणि ल्युसिफरसकट पाताळात उडी घेतो. विश्वाचा प्रलय एका जुन्या खेळण्याने थांबावा, यात या मालिकेचे सारे सामर्थ्य एकवटले आहे. परंतु त्याच भागात ठार झालेला देवदूत कॅस्टिएल काही मिनिटांत परत येतो. मान मोडून मेलेला बॉबी त्याच्या एका स्पर्शाने उठून बसतो. आणि शेवटच्या दृश्यात डीनच्या घराबाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली सॅम उभा असतो. सहाव्या पर्वाला तोपर्यंत मंजुरी मिळालेली होती. त्या दिव्याखाली सॅम उभा आहे, तसेच नव्या हंगामाचे कंत्राटही.

त्याच पर्वातील आणखी एका भागाचा उल्लेख जाता जाता केला पाहिजे. एप्रिल 2010 मधील 'हॅमर ऑफ द गॉड्स'मध्ये एका हॉटेलात निरनिराळ्या संस्कृतींच्या देवतांची बैठक भरते. ओडिन आहे, बाल्डर आहे, काली आणि गणेशही आहेत. ल्युसिफर येतो आणि त्यांतील बहुतेकांना हातासरशी संपवतो, गणेश त्यांतलाच; काली तेवढी निसटते. यावर भावना दुखावल्याची तक्रार करणे हे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेची तक्रार वेगळी आहे. पांढऱ्या वस्त्रांतील त्या स्त्रीला स्वतःचा रस्ता, स्वतःचे घर आणि स्वतःचे पाप होते. या देवतांना हॉटेलातील खोलीक्रमांकापलीकडे काहीही नाही. लोककथेला तिच्या भूमीसकट उचलण्याची पहिल्या पर्वांतील शिस्त येथे मोडली. जगातील पुराणे म्हणजे कच्चा माल ठरली, आणि कच्च्या मालाला नियम नसतो, भाव असतो.

सहाव्या पर्वानंतरचा इतिहास हा चलनवाढीचा इतिहास आहे. ल्युसिफरहून मोठा शत्रू हवा म्हणून राक्षसांची आदिमाता, मग लेव्हिएथन, मग ईश्वराचा लेखनिक, मग ईश्वराची बहीण, मग प्रत्यक्ष ईश्वर. संकट जितके मोठे तितके ते हलके वाटू लागते, कारण त्याचे ओझे ज्या माणसांवर पडायचे ती माणसेच पातळ झालेली असतात. आठव्या पर्वाच्या आरंभी डीन वर्षभर मृतात्म्यांच्या प्रदेशात झुंजून परततो, तेव्हा कळते की सॅमने त्याला शोधलेच नव्हते. ज्याने भावासाठी प्रलय ओढवला तो हा सॅम! याचे पटण्यासारखे मानसशास्त्र मालिका देत नाही. तिला फक्त दोघांत एक भांडण हवे असते. नवव्या पर्वाच्या शेवटी डीन स्वतःच पिशाच होतो. ज्या कथेने आजवर पिशाचांची शिकार केली तिला याहून मोठी शक्यता लाभली नसती. दहाव्या पर्वाच्या तिसऱ्याच भागात ती उपचार करून निकालात काढली जाते.

पण निर्णायक अपराध आहे तो मृत्यूचा वध. पाचव्या पर्वात मृत्यू ही एक व्यक्ती म्हणून शिकागोतील एका खाणावळीत पिझ्झा खाताना भेटते. ज्युलियन रिचिंग्ज या नटाने ती भूमिका विलक्षण संयमाने केली. ओळख, संताप, चातुर्य यांपैकी कशाचाही त्या आकृतीवर परिणाम होत नाही. एक दिवस ईश्वरालाही आपणच नेणार आहोत हे ती सहज सांगते. डीन तिच्यासमोर बसतो तेव्हा त्याचे, आणि पर्यायाने माणसाचे, प्रमाण प्रथमच दिसते. यमाच्या दारी गेलेल्या नचिकेत्याने यमाला प्रश्न विचारले. त्याला मारून तो मोकळा झाला नाही. दहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात, 2015 मध्ये, डीन मृत्यूला त्याच्याच विळ्याने मारतो. आकृतीचा चुरा होऊन पडतो. नंतर त्या पदावर दुसरी व्यक्ती नेमली जाते, जणू मृत्यू ही कार्यालयातील रिक्त जागा होती. मृत्यूच मेल्यावर करुण कोठून येणार? आणि करुणावाचून या मालिकेत भयानकाला तरी काय आधार?

एवढ्याने भागले नाही. अकराव्या पर्वाच्या शेवटी, मे 2016 मध्ये, भावांची आई मेरी जिवंत होऊन परत येते. 2 नोव्हेंबर 1983 रोजी कॅन्सासमधील लॉरेन्स येथे ती ज्या आगीत मेली, त्या आगीतून ही सारी कथा निघाली होती. बारावे पर्व सुरुवातीला याचे काहीएक चीज करते. परतलेली आई ही मुलांनी कल्पिलेली आई नाही, ती एक अवघडलेली, परकी तरुण स्त्री आहे, ही जाणीव खरी आहे. पण लवकरच तीही शिकाऱ्यांच्या धावपळीत ओढली जाते आणि चौदाव्या पर्वात पुन्हा मारली जाते. जिच्या पहिल्या मरणावर अकरा पर्वे उभी राहिली तिचे दुसरे मरण प्रेक्षकाला नीट आठवतदेखील नाही.

आनंदवर्धनाने रसाला विघातक ठरणाऱ्या गोष्टी सांगताना, परिपोष पावलेल्या रसाला पुनःपुन्हा उद्दीपित करणे हा दोष सांगितला आहे. सारखे हाताळलेले फूल कोमेजावे तसा तो रस होतो. मम्मटाने याच दोषाचे उदाहरण म्हणून कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील रतिविलापाकडे बोट दाखविले. कालिदासालाही सूट न देणारी ही कठोरता आजच्या 'प्रेक्षकसहभागा'च्या सिद्धांतापेक्षा लोकप्रिय कलेचा अधिक मान राखते, कारण ती तिच्याकडून काहीतरी मागते.

दीर्घ आख्यानाला अंत नसतोच, आपली पुराणे पाहा, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. भारतीय परंपरेचे नाव घेऊन केला जात असल्याने त्याचा समाचार घेणे भाग आहे. महाभारत दीर्घ आहे, अनेकांच्या हातून वाढलेले आहे. त्यात मेलेले परतही येतात. आश्रमवासिकपर्वात व्यास युद्धात पडलेल्या वीरांना भागीरथीच्या प्रवाहातून वर आणतात. गांधारी, कुंती, धृतराष्ट्र त्यांना भेटतात. फक्त एक रात्र. उजाडताना सारे निघून जातात. ती एक रात्र स्त्रीपर्वातील शोक पुसून टाकत नाही, त्याला शांतवते आणि त्याच वेळी त्याचे अंतिमत्व सिद्ध करते. विशेष म्हणजे 'सुपरनॅचरल'लाही हे एकदा साधले. फेब्रुवारी 2019 मध्ये प्रक्षेपित झालेल्या तीनशेव्या भागात मेलेला बाप काही तासांसाठी परततो, चौघे एका टेबलाशी जेवतात, आणि मग जगाचा क्रम राखण्यासाठी मुलांना त्याला स्वतःच्या हाताने परत पाठवावे लागते. उत्तरार्धातील हा भाग मनात राहतो, कारण त्यात किंमत आहे. आख्यान लांबल्यामुळे नियम सुटतो असे नव्हे, हे या दोन उदाहरणांवरून पुरेसे दिसते.

उरतो तो सर्वांत चलाख बचाव: आत्मसंदर्भाचा. 2009 साली चौथ्या पर्वात भावांना चक शर्ली नावाचा एक दरिद्री लेखक भेटतो. त्यांचेच आयुष्य तो स्वस्त कादंबऱ्यांतून लिहीत असतो. त्याचे टोपणनाव, कार्व्हर एडलंड, मालिकेच्या दोन लेखकांच्या नावांतून जुळवलेले. तेव्हा ही थट्टा प्रसन्न होती, कारण ती स्वतःवर होती. 2016 मध्ये तो चक म्हणजे ईश्वर असल्याचे उघड झाले आणि पंधराव्या पर्वात तोच खलनायक ठरला: भावांची दुःखे रचणारा, एका भावाने दुसऱ्याला मारावे असा शेवट हवा असणारा लेखक. येथे उत्तर-आधुनिक समीक्षेच्या तोंडाला पाणी सुटते. कथनाने कथनकाराविरुद्ध बंड केले, लेखकाची सत्ता उलथली, रोलां बार्थ पडद्यावर अवतरला! वस्तुतः घडले ते याच्या उलट. मागील दहा वर्षांची असंगती, फुकट गेलेली पात्रे, पोकळ झालेली मरणे, या सर्वांचा दोष एका काल्पनिक लेखकाच्या माथी मारून संहितेने स्वतःला निर्दोष ठरविले. उणिवेलाच सिद्धांताचा दर्जा दिला. ज्या शक्तीने ही कथा पाचव्या पर्वानंतर मरू दिली नाही ती मात्र या रूपकात कोठेही नाही.

ती शक्ती सर्वांना माहीत होती. 2006 पासून मालिका ज्या 'सीडब्ल्यू' वाहिनीवर दिसे, तिच्या दोन भागीदारांपैकी एक वॉर्नर ब्रदर्स, आणि मालिकेची निर्मितीही वॉर्नरचीच. जुने भाग विकले जातात ते नवे भाग चालू असतात तोवर अधिक भावाने. 2011 मध्ये वाहिनीने नेटफ्लिक्सशी केलेल्या करारानंतर जुन्या पर्वांना नवा प्रेक्षकही मिळत राहिला. दरवर्षी बावीस-तेवीस भाग पुरवायचे असतील तर मृत्यू हा तोट्याचा व्यवहार ठरतो. अखेर थांबण्याची घोषणा मार्च 2019 मध्ये केली ती जेन्सन अ‍ॅकल्स, जॅरेड पाडालेकी आणि मिशा कॉलिन्स या नटांनी. कथेला स्वतःहून थांबण्याचे कारण केव्हाच उरले नव्हते. पंधराव्या पर्वात ईश्वर पराभूत होतो, त्याची शक्ती हिरावली जाते, आणि तो एक सामान्य मर्त्य माणूस म्हणून रस्त्यात सोडून दिला जातो. लेखकाला दिलेली ही शिक्षा वाहिनीला सोयीची होती.

अखेरच्या भागात डीन मरतो. एका कोठारात, सामान्य रक्तपिपासूंशी झुंजताना, भिंतीतून निघालेल्या लोखंडी सळईवर पाठ आदळून. या क्षुद्र मरणावर पुष्कळ रोष झाला. तो अस्थानी होता. पहिल्या पर्वातील शिकारी असेच मरत. दोष मरणात नाही, त्याच्या आधीच्या दहा वर्षांत आहे. हे मरण खरे आहे यावर प्रेक्षकाने विश्वास ठेवावा म्हणून मरणाऱ्या डीनला, मला परत आणू नकोस असे सॅमकडून कबूल करून घ्यावे लागते. शोकाला प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. आणि ते जोडल्यावरही काही क्षणांतच डीन स्वर्गात आहे, बॉबी त्याच्या स्वागताला आहे, तीच गाडी उभी आहे. पृथ्वीवर सॅम म्हातारा होऊन मरतो आणि एका पुलावर भाऊ भाऊ भेटतात. महाश्वेतेने जेवढा काळ सरोवराकाठी काढला तेवढाही येथे प्रेक्षकाला मिळत नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच वाहिनीवर 'द विंचेस्टर्स' ही भावांच्या आईबापांच्या तारुण्याची मालिका सुरू झाली. तिचा निवेदक होता मेलेला डीन. तेरा भागांनंतर, 2023 मध्ये, ती बंद करण्यात आली.